दुसरा हात

“मासळीच्या कुळातला माणूस पाण्यात बुडून मेला, असं कुणी ऐकलंय का?”

बाना साम्पाने अंगणात पाऊल टाकताच हे विचारलं, आणि ऊर बडवून रडणाऱ्या बायका रडता रडता हसल्या. मीही हसले. ती मगरीच्या कुळातली, आम्ही मासळीच्या. आमच्या मयताला मगरीच्या लोकांनी यायचं, खड्डा खणायचा, चूल पेटवायची आणि वर आमची यथेच्छ टिंगल करायची, हा त्यांचा हक्कच आहे. त्यांच्याकडे कुणी गेलं की आम्हीही काही हात राखून बोलत नाही. त्यामुळे ती माझ्या भावाला नावं ठेवत होती तरी मला राग नव्हता.

राग आला तो तिच्या पुढच्या बोलण्याचा. डोक्यावरची बादली उतरवत ती म्हणाली, “जन्मभर लोकांना पिन घाला, पिन घाला म्हणून पिडलं, आणि स्वतःच घालायला विसरला. आता वर गेलाय, तर देवाच्या दाराचं बिजागर तरी नीट बसवू दे.”

या वेळी कुणी हसलं नाही. खाणीच्या वसाहतीत जे बंद दारांआड कुजबुजलं जात होतं, ते तिने चेष्टेच्या नावाखाली आमच्या अंगणात आणून ठेवलं होतं. तिच्या जिभेला हाड नाही. पण ती खोटं बोलत नाही, हेही मला माहीत होतं.

लोम्बे माझा थोरला भाऊ, खाणीच्या पंप वर्कशॉपमधला मुख्य फिटर. आमच्या खाणीतून तांबं निघतं त्याच्या कितीतरी पट पाणी निघतं. पंप थांबले तर खाणीची विहीर होईल. वडील पंपांवर होते, भाऊ पंपांवर, आणि माझा मुलगा काबासो भावाच्या हाताखाली पंपांवरच. मी बाजारात सुकी मासळी विकते. पण पंपांचं मला विचारा. आमच्या घरात ताटातला मक्याच्या नशिमाचा गोळा मोडताना दुसरं बोलणंच नसे.

पंपाच्या पोटात पंखा फिरतो आणि पाणी वर फेकतो. त्या पंख्याच्या तोंडाभोवती, केसिंगमध्ये म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचात, एक पितळी कडं बसवलेलं असतं. पंख्याने फिरायचं, कड्याने जागा सोडायची नाही. आमच्या पाण्यात दगडाची भुकटी असते, तिने जुनी केसिंगं आतून झिजून गेली आहेत. कडं हाताने सरकेल इतकं सैल बसतं. म्हणून त्याला एक पिन मारायची, बोटाच्या पेराएवढी. ती नसली तर कडंही पंख्याच्या नादी लागून फिरायला लागतं, तापतं, केसिंग खातं, आणि शेवटी सगळंच एकमेकांत अडकून बसतं. पंप चालतो तो न फिरणाऱ्यांच्या जिवावर, असं दादा म्हणायचा. तो असं काही बोलायला लागला की वहिनी उठून भांडी घासायला जायची.

त्याची एक पद्धत होती. ज्याने पिन मारली त्याने झाकण लावायचं नाही. आधी दुसऱ्या कुणीतरी आत हात घालायचा, कडं धरून अंगातला सगळा जोर लावून पिळायचं, आणि ते हललं नाही तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, “उभं आहे.” मगच झाकण. पिन शिकाऊ पोराने मारलेली असो की खुद्द लोम्बेने, दुसरा हात लागायचाच. माणूस विसरतो, त्यात लाज कसली, असं तो म्हणायचा. माणूस विसरतो म्हणूनच देवाने दुसरा माणूस केला.

खालच्या लेव्हलवरचा मोठा पंप अडकला तेव्हा दादा तिथेच होता. पाणी भराभर चढायला लागलं. त्याने सगळ्यांना वर जाणाऱ्या पिंजऱ्यात कोंबलं. काबासो निघेना, तर त्याला ढकलून आत घातलं आणि बाजूचा जुना पंप चालू करायला एकटा मागे राहिला. जुना पंप चालू झाला, हे वर सगळ्यांना कळलं, कारण पाणी चढायचं थांबलं आणि मग उतरलं. खाण वाचली. दादा व्हॉल्व्हच्या चाकाला धरून बसलेला सापडला.

दफन झाल्यावर इंजिनिअर साकाला घरी आले. भला माणूस. बूट बाहेर काढून पुरुषांमध्ये जमिनीवर बसले आणि आमचे मामा, बा चितोशी, यांना म्हणाले की कागदावर जाण्याआधी तुमच्या कानावर घालतो. अडकलेला पंप वर आणून उघडला होता. कडं फिरलं होतं. पिन तुटली असती तर तिचा तुकडा भोकात राहिला असता, पण भोक स्वच्छ होतं. म्हणजे पिन मारलीच नव्हती. आणि ते कडं लोम्बेने स्वतः बसवलं होतं, हे सगळं वर्कशॉप जाणत होतं. हे सांगताना त्यांना माझ्या वहिनीकडे बघवत नव्हतं. मला मात्र त्यांच्यावरही राग आला. त्या दिवसांत मला सगळ्यांचाच राग येत होता.

साकाला गेल्यावर बा चितोशी बराच वेळ काठीने माती उकरत राहिले. ते गावाहून आलेले, आमच्या आईचे भाऊ, कुळात त्यांचा शब्द शेवटचा. आमच्यात माणूस गेला की त्याचं नाव रिकामं ठेवत नाहीत. बहिणीच्या मुलाला बसवतात, त्याला पाणी पाजतात, मनगटावर पांढऱ्या मण्यांचा सर बांधतात, आणि तिथून पुढे तोच तो गेलेला माणूस. गेलेल्याची मुलं त्याला बाप म्हणतात. त्याची स्वतःची आई त्याला भाऊ म्हणते. मग गेलेला निवांत होतो आणि विधवाही मोकळी होते. पण ज्याच्या हातून लोकांवर संकट आलं त्याचं नाव कुणाला देत नाहीत. ते झोपवतात. मग त्या नावाने कुळात कुणी पोराला हाक मारत नाही, आणि एकदोन पिढ्यांत तो माणूस कधी होता हेही कुणाला आठवत नाही.

“हे नाव झोपू दे,” बा चितोशी म्हणाले. “काबासोच्या मनगटावर हे ओझं नको.”

आणि काबासो, ज्याला पोटच्या पोरासारखं लोम्बेने वाढवलं, तो मान खाली घालून म्हणाला, “मलाही ते नाव नको.”

ज्या माणसाने याला ढकलून पिंजऱ्यात घातलं त्याचं नाव याला नको! मी उठले, मागच्या अंगणात गेले आणि तो तिकडे येईपर्यंत मका पाखडत बसले. सुपातलं अर्धं धान्य मी मातीत सांडलं असेल.

तो आला तशी मी तोंड सोडलं. त्याच्या पहिल्या बुटांपासून सुरुवात केली, जे त्याच्या मामाने आणले होते. बाप सोडून गेला तेव्हा कुणाच्या ताटात जेवलास, पाना धरायला कुणी शिकवलं, तापात कुणाच्या पाठीवरून दवाखान्यात गेलास, सगळं काढलं. तो ऐकत राहिला. मी बोलत होते आणि बोलता बोलताच माझ्या मनात काहीतरी अडखळलं. पिन मारलेली नव्हती हे खरं. पण झाकण तर लागलं होतं. झाकण तसं लागत नाही.

“दुसरा हात कुणाचा होता?” मी विचारलं.

तो खाली वाकून मातीतला मका वेचायला लागला.

“काबासो.”

“माझा, मायो.”

मी सूप खाली ठेवलं. मग तो बोलायला लागला, माझ्याकडे न बघता. त्या दिवशी दुसऱ्या खाणीचे फिटर वर्कशॉप बघायला आले होते. सगळे पंपाभोवती उभे होते. मामाने कडं बसवलं, हात पुसले आणि याला म्हणाला, ये, पीळ.

“सगळ्यांसमोर त्यांचं काम पिळून बघायचं? ज्यांनी मला शिकवलं त्यांचं? मायो, मी हात आत घातला, कड्यावर ठेवला. गार लागलं. पिळलं नाही. तसाच बाहेर काढला आणि म्हणालो, उभं आहे.”

“आणि तो?”

“ते हसले. त्या पाहुण्यांना म्हणाले, हा माझा भाचा.”

मी त्याला मारलं नाही. माझा हात उचललाच गेला नाही. बहिणीच्या मुलाने मामाच्या कामाची परीक्षा घ्यायची नाही, मामा बसला असेल तिथे उभं राहून बोलायचं नाही, मामाने दिलेलं नीट आहे का ते उलटसुलट करून बघायचं नाही, हे सगळं त्याला मीच तर शिकवलं होतं. बोलायला लागला तेव्हापासून.

“म्हणून ते नाव मला नको,” तो म्हणाला. “त्यांची लाज वाटते म्हणून नाही. मी त्यांना मारलं आणि आता त्यांच्याच जागेवर बसू?”

खरं सांगते, त्यानंतर मी बराच वेळ गप्प बसायचाच विचार केला. भाऊ गेला तो गेला. पोरगं तरी राहू दे. वर्कशॉपच्या माणसांनी पाहिलं होतं, पण कोण किती जोर लावतो ते बाहेरून दिसत नाही, आणि दिसलं असतं तरी मयताच्या घरी ते मूग गिळून बसले असते. काबासोने तोंड उघडलं तर त्याचं काम जाईल, कदाचित आणखीही काही होईल. एका बाजूला माझ्या आईच्या पोटचा, एका बाजूला माझ्या पोटचा. दोघांना एकदम उचलायला मला हात पुरत नव्हते.

मी वहिनीजवळ जाऊन बसले. ती खोलीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून होती, अंगावर गुंडाळायचं चितेंगे खांद्यांवरून घट्ट ओढून. माझ्या मनात काय चाललंय ते तिला काय ठाऊक. ती आपलं तिचंच बोलत होती.

“तुमचे दादा झोपताना दाराची कडी लावायचे,” ती म्हणाली, “आणि मला उठवायचे. ओढून बघ म्हणायचे. मी नुसती अंथरुणातून म्हणायचे, लागली आहे हो. तर ऐकायचे नाहीत. उठायलाच लावायचे. किती चिडायचे मी.” मग म्हणाली, “काल कडी मीच लावली आणि मीच ओढून बघितली. आपलं आपण बघितलेलं, ते काय बघणं असतं का?”

ती रडायला लागली आणि मीही. पण मला जे ठरवायचं होतं ते तिथेच ठरलं.

काबासोला मी एवढंच सांगितलं की उद्या कुळाची माणसं पांगायच्या आत तुला बोलावं लागेल. तू नाही बोललास तर मी बोलेन. पण माझ्या तोंडून गेलं तर तुझं तोंड कायमचं बंद होईल, आणि मग तू कुणाच्याही कामावर “उभं आहे” म्हणू शकणार नाहीस. त्या रात्री तो ताटातलं जेवला नाही.

सकाळी माणसं आंब्याच्या झाडाखाली बसली. साकालांनाही त्यानेच निरोप धाडून बोलावलं होतं, हे मला ते दिसल्यावर कळलं. काबासो उठला आणि मला सांगितलं होतं तसंच, काही न गाळता सांगितलं. हात आत घातला ते. गार लागलं ते. मामा हसला, तेही.

बा चितोशींनी विचारलं, “मामाच्या कामाला हात लावायची लाज वाटली?”

“हो.”

म्हातारा पुन्हा काठीने माती उकरायला लागला. मग हळूच म्हणाला, “मीही लावला नसता.”

झाडाखाली बसलेल्यांपैकी किती जणांनी लावला असता, हे प्रत्येक जण आपापल्या मनात विचारत असावा. कारण कुणीच मान वर करेना. शेवटी चुलीपाशी ढवळत बसलेली बाना साम्पाच बोलली. तिच्याशिवाय कुणाला बोलता आलं नसतं.

“म्हणजे एक मासा विसरला आणि दुसरा लाजला,” ती म्हणाली. “एकाचीच चूक असती तर झोपवा नाव. पण अर्धी चूक मेलेल्याची, अर्धी जित्याची. आता अर्धं नाव कसं झोपवणार? एकाच अंगावर घाला दोन्ही, निदान एक अख्खा माणूस तरी होईल.”

बा चितोशींनी तिला गप्प बस म्हटलं. पण त्यांच्या तोंडावरचा ताण गेला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. कुळात नाव बहिणीच्या बाजूने उतरतं, म्हणजे माझ्याकडून. मी होकाराची मान हलवली, आणि या वेळी काबासोनेही.

साकाला जाताना काबासोला बाजूला घेऊन म्हणाले की मला हे लिहावं लागेल, आणि चौकशी होईपर्यंत तुला पंपांना हात लावता येणार नाही. काबासो म्हणाला, लिहा. त्यांनी ते लिहिलं. पुढे खाणीने त्याला लाकडाच्या वखारीत टाकलं आणि पुष्कळ काळ तिथेच ठेवलं. ते मी इथे लपवत नाही.

नाव दिलं ते झाडाखालच्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी, ऊन वर यायच्या आधी. अंगण झाडून घेतलं होतं. काबासोला नव्या चटईवर बसवलं, दादाचा कोट त्याच्या अंगावर घातला. खांद्यात जरा मोठा होता. बा चितोशींनी त्याच्या कपाळाला पांढरं पीठ लावलं आणि पाण्याचा पेला दिला. तो प्यायला. मग म्हणाले, “आता हा लोम्बे.” वहिनी पुढे आली, गुडघ्यांवर बसली आणि तिने टाळ्या वाजवून त्याला मुजरा केला. तिची मुलं त्याला बाबा म्हणाली. धाकटीला काही कळलं नाही, ती त्याच्या मांडीवर जाऊन बसली.

मणी बांधायचे मी. दोऱ्यात ओवलेले पांढरे मणी मी हातात घेतले. समोर माझा मुलगा होता आणि तो आता माझा मुलगा नव्हता. माझा थोरला भाऊ माझ्यासमोर बसला होता, माझ्या मुलाचं तोंड घेऊन. मी त्याच्या मनगटाभोवती दोरा फिरवला, एकच गाठ मारली आणि डोळे खाली घातले, जसे भावासमोर घालतात.

“ओढून बघ,” तो म्हणाला.

आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला तू म्हटलं. भाऊ म्हणतो तसं. अंगणातली माणसं चुळबुळली. असं कुणी करत नाही. नाव घेतलेल्या माणसाच्या मनगटावरचा सर, तोही थोरल्या भावाच्या, सगळ्यांदेखत हिसकून बघायचा? मी बोट मण्यांवर ठेवलं. मणी गार होते. ते तसंच ठेवून मी म्हणू शकले असते, लागली आहे गाठ. कुणालाही काहीही कळलं नसतं. त्या क्षणी मला माझ्या मुलाचा पंपातला हात कळला, अगदी बोटांपर्यंत.

“मामाला लाजलो होतो,” तो हळू म्हणाला, फक्त मला ऐकू जाईल असं. “तू भावाला लाजू नकोस.”

मी दोऱ्यात दोन बोटं घातली आणि जोर लावून ओढला.

गाठ सुटली. मणी चटईवर सांडले, काही अंगणात गेले. बायकांनी तोंडावर हात ठेवले. बा चितोशी अर्धवट उठले. एवढा मोठा अपशकुन आमच्या कुळात कुणी पाहिला नसेल.

काबासो चटईवर ओणवा झाला आणि मणी वेचायला लागला. दादाच्या कोटाच्या बाह्या त्याच्या हातांवर येत होत्या, त्या तो मागे सारत होता. मग वहिनी खाली बसली आणि तीही वेचायला लागली. मग बाना साम्पा, मग मुलं. सगळे मणी मिळाले की नाही, देव जाणे. वहिनीने आपल्या चितेंगेच्या काठाचा दोरा काढून दुहेरी केला आणि त्यात ते पुन्हा ओवून माझ्या हातात दिले.

“पुन्हा बांध,” तो म्हणाला.

या वेळी मी गाठीवर गाठ मारली. त्याने मनगट पुढे केलं, आणि त्याने सांगायच्या आत मी दोऱ्यात बोटं घालून पिळलं, ओढलं, पुन्हा पिळलं, जन्मभर माझ्या भावाने सांगितलं होतं तसं. दोरा त्याच्या कातड्यात रुतला. त्याने हात मागे घेतला नाही.

“उभं आहे, दादा,” मी म्हणाले, अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.